भिंग वाहून गेलं तर?

परवा कडेगावजवळ आमच्या गावी चुलत बहिणीचं, मनीषाचं लग्न झालं. काकूची ही एकुलती एक लेक... आणि पाठवणीला काकूच्या डोळ्यात टिपूस नाही!

आमची काकू म्हणजे शेजारच्या पोरींच्या पाठवणीलाही पदर भिजवणारी. आता पोटची पोर निघाली, तर ही मान वर करून मंडपाच्या छताकडे बघत उभी. बायकांची कुजबुज सुरू झाली.

मनीषाने लग्न स्वतःच जमवलेलं. आईचा राग अजून गेलेला नाही असंच तिने धरलं, आणि एवढंसं तोंड करून गाडीत जाऊन बसली.

मला राहवेना. काकूला बाजूला घेऊन विचारलं, तर ती माझ्यावरच डाफरली.

"आगं, डोळ्यात पानी जाऊ द्यायचं न्हाई म्हनलाय डाक्टर. रडले आन् भिंग वाहून गेलं तर?"

दोन महिन्यांपूर्वी सांगलीत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलंय. डॉक्टरांनी सांगितलेलं ते बाहेरच्या पाण्याचं, आणि तेही सुरुवातीच्या दिवसांपुरतं. पण काकूने पथ्य धरलं की धरलं...

गंमत म्हणजे मी पुण्यात याच भिंगांवर काम करते. बाहेरची वस्तू शरीराला सहज खपत नाही. कधी सूज येते, कधी भिंगावर पेशी चिकटतात. डोळ्याला ते परकं वाटू नये असा त्याचा पृष्ठभाग करायचा, एवढ्यासाठी आमची सगळी खटपट.

तिला समजावलं... भिंग डोळ्याच्या आत, जुन्या भिंगाच्याच पिशवीत बसलंय. अश्रू बाहेरच्या बाहेर वाहतात. तुमच्या डोळ्याने त्याला केव्हाच आपलं म्हटलंय.

"म्हंजी रडू का?"

"खुशाल रडा काकू. फक्त डोळा चोळू नका."

काकू जी धावली! गाडीचं दार उघडून लेकीला मिठी मारली आणि दिवसभराचं सगळं एकदम बाहेर आलं. कारण ऐकून मनीषा रडता रडता हसायला लागली.

मग काकूने मनीषाच्या सासूचा हात धरला. "माझ्या डोळ्यानं परकं भिंग आपलं म्हनलं, ताई. तुमी तर मानसं हायसा."

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी आपल्या पदराने काकूचे गाल टिपले... अगदी हलक्या हाताने, डोळ्याला धक्का न लावता.

सोमवारी लॅबमध्ये आले, नेहमीच्या टेबलाशी बसले. आपल्या कामातलं काहीतरी कुणाच्या डोळ्यात सुखाने नांदतंय आणि तो डोळा पोटभर रडू शकतोय... मी तर बाई भरून पावले.