एक फेरी जास्त

“घर आलं म्हणून लगेच उतरायचं नसतं,” असं दादा म्हणायचे आणि नव्या मोटारीत बसलेल्या माणसांना त्यांच्याच दारावरून पुढे घेऊन जायचे.

आतली मंडळी गोंधळून जायची. दारात ओवाळायला उभी असलेली आजी ताट सांभाळत चार पावलं मोटारीमागे धावायची. “काय भैया, घर तौ पाछें रै गओ!” असं मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडायचं. दादा शांतपणे गिअर बदलायचे. “घर कहाँ भागा जा रहा है? एक चक्कर और.” मग सगळ्या मोहल्ल्याला वळसा घालून मोटार पुन्हा त्याच दारात यायची आणि तेव्हा कुठे थांबायची.

हे सगळं मी माझ्या स्कूटीवरून पाहायची. कारण विकलेली मोटार दादांनी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवली की त्यांना परत शोरूमला आणणं माझ्याकडे होतं. तसं माझं काम समोरच्या टेबलावर बसून आल्यागेल्याला ‘नमस्ते जी’ म्हणायचं आणि पाणी विचारायचं. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून भुसावळहून झाशीला आले, दिवसभर घरात बसून कंटाळले आणि सीपरी बाजाराच्या पुढे नव्याने उघडलेल्या या मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला लागले. तिथे मराठी बोलणारी माणसं दोनच, मी आणि शोरूमचे ड्रायव्हर दादा.

दादांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसू दाबलं होतं. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या झाशीतच गेलेल्या. “गाव कुठलं तुमचं?” असं मी विचारलं तर म्हणाले, “हेच.” बोलताना मधेच ‘खामखा’ आणि ‘फालतूमध्ये’ यायचं, आणि मधेच माझ्या आजीनंतर मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते असे शब्द. कारला ते कधी गाडी म्हणत नसत. झाशीसारख्या जंक्शनच्या गावात गाडी म्हणजे रेल्वेची, ही मोटार. उंच, सडसडीत माणूस. त्या बुटक्या मोटारीत बसताना तीन ठिकाणी दुमडायचा.

मोटारही सांगण्यासारखी होती. देशातली सगळ्यात स्वस्त. कंपनीनं तिचं काहीतरी छान नाव ठेवलं होतं, पण झाशीत सगळे तिला ‘छोटी’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. ती आली तेव्हाचे दिवस आठवले की मला अजून गंमत वाटते. काचेच्या आत एक पिवळी छोटी उभी होती आणि तिला बघायला रांगा लागत. दुधवाले येत, मास्तर येत, रेल्वेचे फिटर येत. आजवर स्कूटरवर चौघं-पाचजणं बसून फिरलेली कुटुंबं येत आणि आळीपाळीनं आत बसून बघत. आणि एक गोष्ट तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. आत बसण्याआधी माणसं चपला काढत.

सेल्सची मुलं त्यांना हसायची. दादा हसायचे नाहीत, त्या चपला उचलून भिंतीशी नीट लावून ठेवायचे. एकदा एक कुटुंब नव्या मोटारीच्या आनंदात अनवाणीच निघून गेलं. स्वतः दादाच त्यांना पोचवायला गेले होते, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पिशवीभर चपला घेऊन आम्ही दोघं पुन्हा स्कूटीवर त्यांच्या घरी. मागे बसून दादा दर वळणावर उजवा पाय दाबायचे. “दादा, तिथे ब्रेक नाहीये,” मी सांगायची. “असायला हवा,” ते म्हणायचे.

शोरूमला येण्याआधी त्यांनी स्टेशनवर बरीच वर्षं टॅक्सी चालवली होती. त्याआधी कुणा ठेकेदाराची जीप. सगळा जन्म स्टिअरिंगवर गेला, पण दुसऱ्याच्या. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, त्यांनी टॅक्सीत कधी बसवलं नाही. “टॅक्सीत भाड्याची सवारी बसते,” हे त्याचं कारण. संध्याकाळी नगरा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी मी कधी चहाला गेले की वहिनी विचारायच्या, “आज कोणाची पोचवली?” दादा सांगायचे. मग वहिनींचा ठरलेला प्रश्न, “आणि आपली कधी?” दादांचं ठरलेलं उत्तर, “आपली शेवटची. सगळ्यांची झाली की आपली.” दोघंही हसायचे. पण वहिनी हसून झाल्यावरही त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहायच्या.

मोटार पोचवायचे दादांचे नियम होते. पहिल्या दिवशी मालकानं मोटार चालवायची नाही, नुसतं बसायचं. “चलाने को पूरी ज़िंदगी पड़ी है.” घरातली बाई पुढे बसेल, मालक मागे. खिडकीच्या काचा खाली. आणि दारावरून एक फेरी जास्त.

ही फेरी कशासाठी, हे मला फार दिवस कळेना. मला सवय आहे खोदून विचारायची. दादा मात्र ज्याला त्याला वेगळंच कारण सांगत. दुकानदाराला सांगत, इंजन गरम होना चाहिए. म्हातारीला सांगत, अम्मा, इससे नज़र पीछे छूट जाती है. मला म्हणाले, “ताई, तुम्ही मोटार घ्याल तेव्हा कळेल.” मी आपली माझ्या मनाशी समजूत करून घेतली, की ही शेजाऱ्यांना दाखवायची युक्ती. आमच्या मालकांचंही, म्हणजे सेठजींचंही, तेच मत होतं. “चलता-फिरता विज्ञापन है,” म्हणून ते खूश असत आणि फेरीच्या पेट्रोलबद्दल कुरकुर करत नसत.

आम्ही दोघं ग्राहकांसमोर बिनदिक्कत मराठीत बोलायचो. कोणाला काय कळतंय! एकदा बारीक केस कापलेला एक माणूस बायको-मुलीला घेऊन आला. अर्धा तास झाला तरी नुसता मोटारीभोवती फिरतोय. मी दादांना म्हटलं, “हे काही घेणार नाहीत. एसीची हवा खायला आलेत.” तो माणूस वळला आणि म्हणाला, “एसी छान आहे हो ताई. पण मोटार पण घेणार आहोत.” साताऱ्याकडचे सुभेदार निघाले, बबीन्याच्या लष्करी तळावरून नुकतेच झाशीच्या छावणीत आलेले. मला तोंड लपवायला जागा नाही, आणि दादा खांबाकडे तोंड करून हसतायत.

त्यांची मोटार छावणीत पोचवली तेव्हाही दादांनी नियम मोडला नाही. क्वार्टरवरून पुढे गेले, त्या शांत रस्त्यांवरून फिरून फाटकाबाहेर पडले आणि पुन्हा आत यायला लागले. पहाऱ्यावरचा जवान चक्रावला. “अभी तो गए थे?” दादा म्हणाले, “नई है साहब, घर पहचान रही है.” जवानानं वाकून आत पाहिलं आणि म्हणाला, “राम राम साहब, मुबारक हो.” सुभेदारांच्या बायकोनं फेरीभर खिडकीबाहेर तोंड काढलेलं मी मागून पाहत होते. शेजारणींकडे बघत असतील, असं मला वाटलं.

मग हळूहळू हवा फिरली. मोटारीत काही बिघडलं म्हणून नव्हे. निदान आमच्याकडे परत आलेली माणसं तशी तक्रार करत नव्हती. बिघडला तो शब्द. ज्या ‘सबसे सस्ती’साठी माणसं रांगा लावत होती, तेच ऐकून ती आता मागे सरकायला लागली. “भैया, वो सबसे सस्ती वाली मत दिखाना,” असं दारातच सांगत. लग्नात छोटी घेऊन गेलं तर लोक पार्किंगमध्ये कुजबुजतात, असं एका बाईंनी मला सांगितलं. तोच शब्द, तीच मोटार, तेच गाव. माणसाला स्वस्त वस्तू हवी असते आणि ती स्वस्तात घेतली हे कोणाला कळायला नको असतं, याचं मला अजून नवल वाटतं. दादांना नवल वाटत नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं.

एका मास्तरांची छोटी पोचवायची होती. निघताना ते दादांना बाजूला घेऊन म्हणाले, “भैया, पीछे वाली गली से. और सीधे घर.” दादांनी मान डोलावली. मोटार मागच्या गल्लीतून गेली आणि दारात थांबली. फेरी नाही. परत येताना दादांनी स्कूटीवर एकदाही पाय दाबला नाही. शोरूम आल्यावर म्हणाले, “त्यांच्या बायकोनं काचसुद्धा खाली केली नाही हो ताई.”

त्यानंतर सेठजींनीच फेरी बंद करायला लावली. “क्यों मज़ाक उड़वाते हो? सामान पहुँचाओ, आ जाओ.” पिवळी छोटी दर्शनी जागेवरून आधी खांबामागे गेली, मग कुंड्यांच्या मागे. तिच्या जागी मोठ्या मोटारी आल्या. दादा रोज सकाळी आल्या आल्या आधी कुंड्यांच्या मागे जायचे आणि स्वतःच्या रुमालानं तिचं स्टिअरिंग पुसायचे. मग बाकीचं काम.

आणि एक दिवस कंपनीनं छोटी बनवणंच थांबवलं. सेठजींनी सगळ्यांना चहा पिताना सांगितलं, जणू कुठलीशी बस बंद झाली. दादांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “सेठजी, पीली वाली मुझे दे दीजिए.” सगळे हसले. त्यांना वाटलं थट्टा चाललीय. मला वहिनींचा प्रश्न आठवला आणि मी हसले नाही.

दादांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं फोनवर पुष्कळ समजावलं. “बाबा, सेकंड हँड घ्या, पण जरा मोठी घ्या. आता ती कोण घेतं? गल्लीतले हसतील.” दादा फोन ठेवून मला म्हणाले, “हसतील खरं.” पण ठरवलेलं त्यांनी बदललं नाही.

आता दादा नाहीत. मोटार घेतल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, तापाचं साधं निमित्त होऊन गेले. वहिनी पुण्याला मुलाकडे असतात. रस्त्यावर छोटी क्वचित दिसते आणि दिसली की मी चालवणाऱ्याकडे बघते, मोटार आम्ही पोचवलेली तर नाही ना. पण दादा म्हटलं की मला आठवतो तो जूनचा दिवस, त्यांची मोटार पोचवली तो.

नियम म्हणजे नियम. मालकानं चालवायचं नाही. मला मोटार चालवायला दादांनीच शिकवलं होतं, पण मी सरळ रस्त्याची ड्रायव्हर. मागे घ्यायची म्हटलं की मला घाम फुटायचा. “मागे घ्यायचीच नाहीये,” दादा म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली.

वहिनी निळी साडी नेसून शोरूमला आल्या होत्या. दार उघडलं तर त्यांनी चपला काढल्या. दादा ओशाळून म्हणाले, “अगं घाल, आपलीच आहे.” वहिनी म्हणाल्या, “म्हणून तर काढल्या.” त्या पुढे बसल्या. मागच्या सीटवर दादा, गुडघे जवळजवळ हनुवटीशी. सेल्सची मुलं काचेतून बघत होती. मी मुद्दाम कोणाकडे पाहिलं नाही.

नगऱ्यापर्यंत दादा मागून सूचना देत होते. “क्लच ताई, क्लच.” गल्लीच्या तोंडाशी आलो. दोन्ही बाजूंना मोठाल्या मोटारी उभ्या. त्यातल्या कितीतरी घरांच्या पहिल्या मोटारी दादांनीच पोचवलेल्या, छोटीच. भर दुपारची लू, म्हणजे भाजून काढणारी गरम हवा, चाललेली. दारं बंद, आत कूलर घरघरतायत. मी आपली दारावरून पुढे जायच्या तयारीत होते. तेवढ्यात मागून हळू आवाज आला.

“ताई, दारातच लावून टाका.”

“फेरी?”

“राहू द्या. खामखा कशाला?”

इतक्या वर्षांत त्या माणसाचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. मी पाय ब्रेकवर ठेवला. तोच वहिनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“थांबू नका तुम्ही. घर कुठं पळून चाललंय?”

“अगं, बघायला बाहेर कोणी नाहीये,” दादा म्हणाले.

“मला बघायचंय ना,” वहिनी म्हणाल्या. “लग्न होऊन आले तशी या घरात राहतेय. पाण्याची बादली घेऊन पाहिलं, भाजीची पिशवी घेऊन पाहिलं. आपल्या मोटारीतून आपलं घर कसं दिसतं, ते एकदा बघू द्या मला.”

मी मोटार पुढे काढली. वळसा घेताना मला सुभेदारांच्या बायकोचं खिडकीबाहेर काढलेलं तोंड आठवलं. आजी, मुलं, मास्तरांची वर असलेली काच, सगळं आठवलं. मी इतकी वर्षं शेजाऱ्यांकडे बघत होते.

पुन्हा गल्लीत आलो. अंगावर लू येत असूनही वहिनींनी काच पूर्ण खाली केली. मी अगदी हळू चालवत होते. आधी कोपऱ्यावरची टाकी आली, मग त्यांची हिरवी खिडकी, वाळत घातलेला दादांचा शोरूमचा शर्ट, पायरीवर सकाळी राहून गेलेला झाडू.

“बरं दिसतं की हो आपलं घर,” वहिनी म्हणाल्या.

मी आरशात पाहिलं. दादा दुमडलेले होते तसेच खिडकीशी वाकून बसले होते आणि स्वतःच्या दाराकडे बघत होते. डोळे पुसायला त्यांनी तोच रुमाल काढला होता.

दार आलं. मी मोटार थांबवू लागले.

“ताई,” दादा म्हणाले, “अजून एक.”