धोंड्याच्या वर्षातली ईद

दादा गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून गेला, असा खरं बोलणारा माणूस आता मिळायचा नाही. मी मान हलवत बसले. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांचं खरं बोलणं आमच्या घराला काय भावात पडलं, ते आलेल्या माणसांना कशाला सांगायचं? म्हणून लिहायला घेतलं आहे. सावकाश होतं. दिवसाला चार ओळी होतात, कधी त्याही होत नाहीत.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. ज्या कामासाठी उस्मानाबादला दोन दिवस मोडायचे, ते आता सकाळच्या एसटीने जाऊन दिवेलागणीला परत येण्यासारखं झालं होतं. नव्या कचेऱ्यांना योजना राबवून दाखवायची घाई होती. दादांना जवळच्या चाकूरच्या बँकेतून बोकडं पाळायला कर्ज मिळालं. अट एकच, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर सगळं फेडायचं. वेळेवर फेडलं तर पुढचं कर्ज म्हशीचं. दादांचा सगळा जीव त्या म्हशीत होता. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. म्हैस आली की चाकूरच्या हॉटेलांना दूध घालायचं आणि मायच्या हातातला हातोडा सोडवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण व्हावं लागतं, आणि ईदेला त्याला जो भाव येतो तो खाटकाकडे कधी येत नाही. मागची दोन वर्षं बकरी ईद ऐन गणपतीच्या दिवसांत आली होती. चाकूरला पोलिसांची दोन्हीकडे धावपळ झालेली, त्यामुळे ते सगळ्यांच्या ध्यानात होतं. आमच्या बौद्धवाड्यात ना गणपती बसायचा, ना ईद व्हायची. दादांनी दोन्ही सण एका दावणीला बांधून टाकले. पुढच्या वर्षी धोंड्याचा महिना होता. अधिक महिना आला की गणपती महिनाभर उशिरा, म्हणजे ईदही उशिरा, तोवर पिल्लांचं वर्ष भरेल, असं त्यांनी धरलं आणि पितृपंधरवड्यात जन्मलेली सात पिल्लं घेतली. आधीच्या वेतातल्या पिल्लांपेक्षा ती लहान होती म्हणून स्वस्त पडली. कर्जाची तारीखही त्यात नेमकी बसत होती.

धोंडा संपला त्या आठवड्यात मी लातूरच्या वसतिगृहातून घरी आले होते. चाकूरचे एक बोकडांचे व्यापारी दारात येऊन बसले. दादांची त्यांची जुनी ओळख, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

"भाऊ, माल तयार हाय ना? ईद आठ दिसावर आली."

दादा हसले. "आत्ता कुठली ईद? गणपतीला अजून महिना हाय."

"तुमी कवापासून गणपती बसवायलाव?" चाचा म्हणाले. "आमचा चांद तुमच्या गावच्या धोंड्यासाठी थांबत न्हाई, भाऊ. तो आपला निघतो."

दादांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. चुलीपाशी बसलेली माय बोलली, "ईदीनं ह्यांना इचारून यायला पायजे हुतं."

चाचा उठले. एकेका बोकडाचा जबडा धरून त्यांनी खालचा ओठ दाबला. सगळ्यांचे दूधदातच होते. वर्ष भरलं की पुढचे दोन दात पडून मोठे येतात, त्यावरून वय कळतं.

"दाताचं एक जाऊ द्या," ते म्हणाले. "एखाद्याला उशिरा येतात. साल भरलेलं असलं म्हंजे झालं. तुमी बोला, भरलं म्हणून. तुमचा शब्द मी पुढं सांगतो. समदी उचलतो."

मी दादांकडे बघत राहिले. बोकड कोणत्या दिवशी जन्मलं हे गावात कोण तपासणार होतं? नुसतं 'हाव' म्हणायचं होतं.

"न्हाई," दादा म्हणाले. "पंधरा-वीस दिस कमी पडायलेत."

"चांदाच्या हिशोबानं? त्याचं साल धा-अकरा दिस लहान असतं."

"तसं धरलं तरी आठ दिस कमीच."

चाचांनी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला. मग चहा न घेताच निघाले. तेही वैतागले होते. त्यांना आता माल दुसरीकडे शोधायचा होता.

त्यांची पाठ वळताच मी म्हणाले, "दादा, कुणाला कळणार होतं? त्यांना स्वतःला चालत होतं."

"त्यांना चालंल गं. ज्याच्या घरी कुर्बानी हाय, त्याला कुणी इचारलंय का?"

त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

ईद झाली. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली, कणीस धरायच्या आत ज्वारी वाळली. चारा सोन्याच्या भावाने जायला लागला तशी ज्याने त्याने शेरडं बाजारात काढली आणि खाटीक म्हणतील तो भाव झाला. सप्टेंबरात आमच्या बोकडांचं वर्ष भरलं. तेव्हा त्यांचं वय कुणी विचारलं नाही. सातही विकली, तरी पैसे कमी पडले, म्हणून घरच्या दोन दुभत्या शेळ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. कर्ज तारखेच्या आत फिटलं. असे कर्जदार हवेत, असं बँकेतले साहेब चारचौघांत म्हणाले, ते दादांनी घरी येऊन दोनदा सांगितलं.

आता म्हैस. थोडाफार कडबा मिळत होता तोवर कागद लातूरला पडून होते. दादा हेलपाटे घालत राहिले. पूर्वी जिल्हा लांब होता म्हणून उशीर व्हायचा, आता जवळ असून व्हायचा. मंजुरी आली ती मार्चात. गावात तोवर टँकर सुरू झाला होता आणि लोक आपली जनावरं सरकारी चारा छावणीला नेऊन बांधत होते. मी दादांबरोबर बँकेत गेले होते.

"मार्चअखेरच्या आत म्हैस खरेदी करून दाखवा," साहेब म्हणाले.

"साहेब, आता आणून तिला घालू काय? पाऊस पडल्यावर घेतो की. पैसे तेवढे राहू द्या."

"मार्चनंतर हे पैसे राहत नाहीत. परत जातात. मग नवं वर्ष, नवा अर्ज."

मी दादांना बाजूला घेतलं. घेऊन टाका, असं मी म्हणाले, छावणीत बांधू, अगदीच नाही जमलं तर विकू. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "उपाशी बांधायला जनावर आणायचं?" एवढं बोलून ते टेबलाकडे गेले आणि म्हैस नको असं लिहिलेल्या कागदावर सही केली. साहेबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी आलो तर मायने सपरातली गुरं बांधायची जागा शेणाने सारवून ठेवली होती. मधोमध नवा खुंटा ठोकलेला.

"कवा आणायची?" तिने विचारलं.

दादांनी टोपी काढून खुंट्यावर ठेवली आणि शेजारी बसले. "न्हाई घेतली."

माय म्हणाली, "बरं हाय. खडी फोडायला हाय मी." आणि उद्याच्या भाकरीचं पीठ आहे का ते बघायला आत गेली.