रंग चढायच्या आधी

म्हाताऱ्या डेंटरला टीव्हीवर एकच कार्यक्रम चालायचा, गंजलेल्या जुन्या मोटारी नव्यासारख्या करण्याचा. पत्र्याचं काम चालू असेपर्यंत तो पडद्यावरच्या कारागिरांवर डाफरायचा, "अरे, हळू ठोक! पत्रा आहे तो, वैरी नाही!" रंगाचा फवारा दिसला, की मात्र टीव्ही बंद.

एकदा सून वैतागली. "बाबा, शेवटी गाडी कशी झाली ते बघू तरी द्या!"

"काय बघायचंय? रंग चढला की कौतुक रंगाऱ्याचं. मी जन्मभर पोचे काढले. पोचा नीट निघाला तर कुणाला कळतही नाही, राहिला तर साऱ्या दुनियेला दिसतो."

"म्हणजे आमच्या घरकामासारखंच," सून म्हणाली.

टीव्हीवरच्या धुळीवरून सकाळीच म्हाताऱ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. त्याने टीव्ही पुन्हा लावला. गाडी लालचुटूक झाली होती.

"पोचा कुठे होता हो?" सुनेने विचारलं.

त्याने उठून पडद्यावर बरोबर जागी बोट टेकवलं. पुसलेल्या काचेवर ठसा उमटला. तो त्याने स्वतःच्या बाहीने पुसून टाकला.