कोपरापर्यंत हात

सांडपाण्याच्या पाइपांना जाळीच्या टोप्या बसवून बसवून त्याचं नावच टोपीवाला पडलं होतं. "गावाला टोप्या घालतो, तरी माझा खिसा रिकामाच," असं तो स्वतःच सांगत फिरायचा. संडासाच्या टाकीतला वायू वर सोडायला घराबाहेर भिंतीलगत पाइप असतो, त्याच्या तोंडावर ही टोपी. पाखरू आत जाऊ नये, वायू मात्र निघून जावा, एवढंच तिचं काम.

टोपी घालण्याआधी तो कोपरापर्यंत हात पाइपात घालून बघायचा. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. त्याला नाक मुरडायची सोयच नव्हती, कारण त्याला वास येत नव्हता. पूर्वी तो जोडीदाराबरोबर टाक्या उपसायचा. एका टाकीत जोडीदार आधी उतरला. थोड्या वेळाने आतून म्हणाला, "ये रे, वास गेला बघ." त्यानंतर त्याचा आवाज आलाच नाही. त्याला काढायला उतरलेला हा कसाबसा वाचला, पण नाक कामातून गेलं. हा वायू फार साठला की आधी नाक बधिर करतो, हे त्याला दवाखान्यात समजलं. नाक गेल्याचं मात्र त्याने कोणालाच सांगितलं नाही. बिननाकाच्या माणसाला गटाराचं काम कोण देणार?

थोरल्या बहिणीलाही हे ठाऊक नव्हतं. ती एकटी राहायची. पाखरांनी पाइपात काड्या टाकायला सुरुवात केली म्हणून तिने त्याला बोलावलं. पाइप बुटका, मोरीच्या खिडकीपेक्षा जेमतेम वर गेलेला. तो शिडीवर चढला, बाही सारली.

"अरे, हात नको घालूस त्या घाणीत," ती खालून म्हणाली. "पानं वाढलीत. त्याच हाताने जेवणार का?"

"बघावं लागतं ताई."

"मोठा आलास बघणारा. उतर आधी."

पन्नाशी उलटली तरी ताईपुढे तो लहानच होता. त्याने टोपी बसवली, स्क्रू आवळला आणि पोटभर जेवून घरी गेला.

पण मन लागेना. कोपर कोरडंच राहिलं, हे त्याला राहून राहून टोचत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन केला.

"डोकं ठणकतंय सकाळपासून," ताई म्हणाली. "मळमळतंयही. पडते जरा."

"मोरीतून वास येतो का?"

"पाइपाचा यायचा. मागच्या आठवड्यात जुनी चादर कोंबली आत, तेव्हापासून बंद. मोरीतून सकाळी येत होता खरा, सडक्या अंड्यासारखा. आता तोही गेला बघ."

 काड्यांखाली पाइप आधीच चादरीच्या बोळ्याने बंद होता, आणि त्यावर त्याने टोपी चढवली होती. धड नाकाच्या माणसाला शिडीवरच कळलं असतं की हा पाइप श्वासच सोडत नाही. टाकीत कोंडलेला वायू मोरीतून घरात शिरत होता.

"ताई, उठ. अंगणात जा. आत्ताच्या आत्ता."

"ओरडू नकोस रे. पडते म्हटलं ना," ती म्हणाली, आणि फोन हातातून कुठेतरी ठेवल्यासारखा आवाज आला. पुढे फक्त मोरीची गुडगुड ऐकू येत राहिली.

तो जिवाच्या आकांताने धावला. वाटेत "ताई, ताई" म्हणत होता आणि पलीकडून गुडगुडच येत होती. दार आतून लावलेलं. अंगणात पडलेल्या पहारीने कडी उचकटली, श्वास रोखून आत गेला, तिला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. तिचे ओठ निळसर पडले होते. छाती हलत होती, पण डोळे मिटलेलेच. शेजारी धावून आले, कोणी गाडी आणायला गेलं.

घरात आणखी वायू साठू नये म्हणून तो शिडीवर चढला. टोपी उपटली, कोपरापर्यंत हात घातला आणि चादर ओढून काढली. खाली जमलेली माणसं नाकं दाबून मागे सरली. त्याला काहीच जाणवलं नाही. तो वरूनच ताईच्या तोंडाकडे बघत राहिला, शिडी घट्ट धरून.

बऱ्याच वेळाने तिच्या कपाळाला आठी पडली.

"शी," ती पुटपुटली. "केवढी घाण येतेय रे."

टोपीवाला शिडीवरच हुंदके देऊन रडायला लागला.