टॉर्क झाला

सोसायटीचं लोखंडी फाटक जड आहे. काल माझी नववीतली भाची ते बिजागरीजवळून ढकलत होती. हलेना.

"अगं, बिजागरीपासून लांब ढकल, सोपं जातं. क्लासमध्ये कॉलेजचं फिजिक्स शिकवतात ना तुम्हाला आत्तापासूनच?"

"ते टॉर्क, मावशी. तो झाला आमचा. टेस्टपण झाली. पैकीच्या पैकी."

झाला म्हणे. आमच्याकडे विषय कळत नाहीत, ते होतात. गोवर होतो तसे. लहान वयात होऊन गेला की आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण एकदा झाला की तो सहसा पुन्हा होत नाही.

ती अजून बिजागरीशीच झटत होती. शेवटी मी पुढे होऊन दुसऱ्या टोकाला एक बोट लावलं आणि फाटक उघडलं. मी आर्ट्सची. मला फिजिक्स कधी झालंच नाही.