माझं पातेलं, कुसुमचं नाव

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. रडले, नाक पुसलं आणि लगेच मनात आलं... माझं पातेलं आता कुणाकडे असेल? हसू नका. आमची मैत्री ही अशीच होती.

गिरगावातल्या चाळीत आम्ही दोघी बरोबरच लग्न होऊन आलो. माझ्या हाताला चव, तिची आमटीसुद्धा करपायची. तरी बायका जमायच्या तिच्याच दारात. मी पडद्याआडून बघायची आणि नवऱ्याला सांगायची, "मला काय त्याचं!" काय ध्यान होते मी!

पुढे रे रोडला वखारींपाशी फुटपाथवर राहणाऱ्यांना घरं मिळवून द्यायचं तिने मनावर घेतलं. एकट्या गिरगावला झेपेना, म्हणून लालबागची आणि शीव कोळीवाड्याची महिला मंडळं जोडली. कोळीवाडा भाड्याच्या खोल्या शोधी, लालबाग सरकारी योजनेमागे धावे, आम्ही घरमालकांना जामीन राहू. आणि तिन्हीकडे आरती एकीचीच, कुसुमताई!

पहिल्या खोलीत दूध उतू घालवायला भांडंच नव्हतं. तिच्यावर कुरघोडी म्हणून मी रुखवतातलं, माझं नाव घातलेलं कल्हईचं पातेलं दिलं. ती म्हणाली, "मालू, आता परत मागायचं नाही हं. ज्यांना घर मिळेल त्यांनी ते पुढच्या घरी पोचवायचं." झालं! पातेलं गावभर फिरलं ते 'कुसुमताईंचं पातेलं' म्हणून. मी धुसफुसले, "अगं, कुणाचं ते सांग तरी!"

"सांगेन की... वेळ आल्यावर."

परवा कोळीवाड्यात रखमाला खोली मिळाली. रखमा फुटपाथवरच जन्मली, तिची लेकही. या खेपेला पातेलं परत घेऊनच यायचं, असं ठरवून मी गेले. दूध शेगडीवर, गॅस मात्र बंद.

"अगं, पेटव की!"

"तुमचीच वाट बघतोय, आजी. कुसुमताईंनी आजारपणात बजावलेलं, मी नसेन तेव्हा पातेलं जिचं आहे, दूध तिनेच तापवायचं."

बघा! जातानाही मोठेपणा तिनेच घेतला. मला भांडायलाही जागा ठेवली नाही. मी गॅस पेटवला. रखमाची लेक दाराला आतून कडी लावत होती, काढत होती, परत लावत होती. दूध उतू गेलं आणि माझे डोळेही... वाफेने हो.

घासून घासून माझं नाव पुसट झालंय. त्यावर बोट फिरवून मी पातेलं रखमाच्या हातात दिलं.

"पुढच्या घरी जाईपर्यंत जपून ठेवीन, आजी," ती म्हणाली, "कुसुमताईंचं पातेलं."

मी म्हटलं, "ठेव हो."