टरबुजाचं सॉर्बे आणि दादांची जीभ

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षांत एकदाही निमूटपणे जेवले नाहीत. वरणात मीठ कमी, भाजीत जास्त, हे पहिल्या घासालाच जाहीर व्हायचं. नोकरी एसटीच्या ड्रायव्हरची, मिजास नवाबाची. माय वैतागून म्हणायची, "ह्येंच्या जिभेला एकदा लकवा मारू दे."

मग तंबाखूनं आपलं काम केलं. तोंडात गाठ निघाली, दवाखान्यात किरणांचे शेक घेऊन घेऊन गाठ गेली आणि जाताना चव घेऊन गेली. बुद्ध पौर्णिमेला विहारातली खीर चमच्यानं भरवली, तर म्हणाले, "माती." केळं माती, वरणभात माती. हळूहळू खाणंच टाकलं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवसांत वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तोवर मऊ, थंड काहीतरी पोटात जाऊ द्या. मायला तिचं लकव्याचं बोलणं आठवायचं आणि ती चुलीकडं तोंड करून डोळे पुसायची. मलाही भीती वाटत होती, सरळ सांगते. नळी लावलेला बाप मला बघायचा नव्हता.

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती आणि हातात मोबाइल. त्यात एक इटालियन बाई जिलेटो, म्हणजे तिकडचं आइस्क्रीम, करत होती. ते दुधाचं, आणि दुधानं दादांचा घसा चिकटायचा, म्हणून मी तिच्या सॉर्बेवर आले. सॉर्बे म्हणजे फळाचा रस आणि साखर, गोठेपर्यंत ढवळायचं. थोडक्यात, परदेशी शिकून आलेला बर्फाचा गोळा. गंगाखेडच्या बाजारात टरबुजांचे ढीग लागलेलेच होते. एक आणलं, रस काढला, फ्रीजरमध्ये ठेवला.

गोठेचना. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मायनं जाता-जाता मूठभर साखर टाकली होती, "आजारी मानूस हाय, गोड लागू दे." शेजारच्या काकू दादांना बघायला आल्या, त्यांनी त्यांची मूठ टाकली. साखर कारखान्याचं गाव आमचं. इथं गोड कमी पडलं की अब्रू जाते. साखर जास्त झाली तर रस गोठत नाही, हे त्या इटालियन बाईनं बजावून सांगितलं होतं, पण तिच्या शेजारी आमच्या काकू राहत नव्हत्या. वर रोज दुपारी वीज गायब. शेवटी तो लगदाच दादांपुढं धरला.

"थंड माती," दादा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

डॉक्टरांकडं जायला तीन दिवस उरले होते. पुढचा उपाय काकूंनीच सांगितला. "फ्रीज कशाला लागतोय? बादलीत बर्फ घाल, बर्फात जाडं मीठ, मधी दुधाची किटली. मग फिरवत बस. पहिलं लग्नात असंच करायचो आमी."

बर्फाची लादी आणली, गोणपाटात घालून फोडली. नव्या टरबुजाच्या रसात मोजून साखर घातली, मग साखरेचा डबा कपाटात कोंडला आणि किल्ली कमरेला लावली. काकू हसल्या, पण माझा कुणावर भरवसा राहिला नव्हता. मग मी आणि माय आळीपाळीनं किटली फिरवत बसलो. खांदे भरून आले. अखेर झाकण उघडलं तर आत गुलाबी, दाणेदार, छान गोठलेलं. मी बोट घालणार, तर मायनं हातावर चापट मारली. "पहिला चमचा त्येंचा."

दादांनी चमचा तोंडात घेतला. चेहरा वाकडातिकडा झाला.

"हॅट्! मीठ कुनी वतलं ह्याच्यात? खारट जहर!"

मी चाखून बघितलं. खरंच जहर. किटलीचं झाकण सैल होतं, बादलीतलं मीठपाणी आत गेलं होतं. सगळी मेहनत मातीत गेली म्हणून मला रडूच फुटलं. मायचं मात्र किटलीकडं लक्षच नव्हतं. ती दादांकडं बघत होती.

"काय म्हणलाव?"

"खारट हाय म्हणलो. बहिरी झालीस का?"

मायनं चमचा पुन्हा भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. "नीट सांगा. थोडं खारट हाय का लय?"

"लय!" दादा ओरडले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी नाक पुसता पुसता हसायला लागले. तो चमचाही त्यांनी गिळला, मायला आणि मला दोघींना शिव्या देत.

संध्याकाळी मायनं मऊ वरणभात कालवून दिला. पहिल्याच घासाला दादा म्हणाले, "मीठ कमी हाय." ह्याच वाक्यावर चाळीस वर्षं भांडलेली माय मुकाट उठली आणि मिठाची बरणी घेऊन आली.